मल्टीकुकरने दुखण्यातला स्वयंपाक खरंच सोपा होतो का?

सावकाश_जा
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, धागा पहिलाच आहे, सांभाळून घ्या.

मला रुमेटॉइड संधिवात आहे. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं वळत नाहीत आणि संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही. स्वयंपाक आवडतो, तो सोडायचा नाही. पण गॅसवरच्या कुकरचं झाकण लावणं-काढणं हाताला झेपेनासं झालंय आणि ओट्यापाशी उभं राहून पाय भरून येतात. म्हणून मल्टीकुकर घ्यावा असं मनात आहे. प्रेशर, वाफ, परतणं, मंद शिजवणं, सगळं एकाच भांड्यात करणारा, विजेवरचा. विकणाऱ्यांचे व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण त्यात कुणाचंच मनगट दुखत नाही.

कायमचं दुखणं सांभाळून जे तो रोज वापरतात, त्यांचं नेमकं कोणतं काम कमी झालं? आणि कोणतं झालं नाही?

पळीवाढी
घ्या. डोळे मिटून घ्या. सविस्तर नंतर लिहिते, आत्ता कुकर लावून आडवी झालेय.

गॅसबत्ती
ताई, उत्साहावर पाणी ओततोय, राग मानू नका. निवडा, धुवा, सोला, चिरा, शेवटी भांडी घासा. स्वयंपाकातली कंबर मोडणारी कामं ही. त्यातलं एकही हे यंत्र करत नाही. ते फक्त शिजवतं. शिजवायचं काम आधी तरी आपण कुठे करत होतो, विस्तवच करत होता! आमच्या आईला हौसेने आणून दिला होता. सध्या त्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत असते.

उभ्याउभ्या
गॅसबत्ती, तुम्हाला उभं राहता येतं म्हणून 'फक्त शिजवतं' असं लिहू शकलात. मला पॉट्स आहे. उभं राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. गॅसवर भात असला की आच कमी करायला उठा, उतू जातंय का बघायला उठा, बंद करायला उठा. त्या उठाबशांनीच माझा दिवस संपायचा.

मल्टीकुकरने वेळ वाचतो हे मात्र खोटं आहे, ते आधीच सांगून टाकते. पाककृतीत '१० मिनिटं' लिहितात ती प्रेशर धरल्यानंतरची. प्रेशर धरायलाच दहा-पंधरा मिनिटं लागतात, नंतर वाफ आपोआप जिरायला पुन्हा तेवढीच किंवा जास्त. एकूण पाऊण तास धरा. पण तो पाऊण तास मी पलंगावर पाय वर करून असते. घड्याळाच्या हिशेबात तोटा, माझ्या हिशेबात नफा.

मूगगिळे
+१. झोपून स्वयंपाक करणे हे माझंही ध्येय आहे. आजार कोणता लागतो त्याला?

उभ्याउभ्या
@मूगगिळे, आळस चालतो, पण त्याचं प्रमाणपत्र आमच्या डॉक्टरांकडून मिळत नाही.

निवांतराव
आमच्याकडे बायकोला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे. स्वयंपाक निम्मा-निम्मा करतो. तिचा प्रश्न उभं राहण्यापेक्षा उष्णतेचा. शरीराचं तापमान अर्धा अंश चढलं तरी नजर अंधूक होते, पाय जड पडतात; थंडाव्यात बसलं की पूर्ववत. या प्रकाराला उथॉफचं नाव आहे, त्या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्ये तो नोंदवला. गॅसचे दोन बर्नर पेटले की आमचं स्वयंपाकघर तापायचं आणि ती पंधरा मिनिटांत बाहेर यायची. मल्टीकुकरचं बाहेरचं अंग कोमट होतं, बाकी उष्णता आतच राहते. तिच्यासाठी एवढं एकच कारण पुरलं.

वाफ सोडताना मात्र ती त्या खोलीत नसते. ते माझं खातं.

वाफाळ
सावकाश_जा, तुमचा प्रश्न हाताचा आहे, म्हणून हातापुरतंच लिहितो. माझे दोन्ही अंगठे मुळाशी झिजलेत, फिजिओने शिकवलेलं बरंच इथे उपयोगी पडतं.

झाकण: बहुतेक मॉडेलांत झाकण ठेवायचं आणि थोडं फिरवून खाचेत बसवायचं असतं. झाकणावरचा बाण काठावरच्या खुणेसमोर आला नाही तर ते जागचं हलत नाही, आणि आपण उगाच जोर लावत बसतो. आधी बाण जुळवा. मग बोटांनी मूठ आवळण्याऐवजी दोन्ही तळवे मुठीच्या दोन बाजूंना टेकवून खांद्यातून ढकला. काही मॉडेलांत बिजागरीचं किंवा खटक्याचं झाकण असतं. हाताची तक्रार असेल तर ते आधी बघा. रिंग नवी असताना झाकण जरा घट्ट जातं, पुढे सरावतं.

व्हॉल्व्ह: वाफ सोडायला बोट लावायचंच नाही. लांब दांड्याच्या लाकडी चमच्याने ढकलायचा, चेहरा आणि मनगट त्याच्या वर आणायचं नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांना चटका लगेच कळत नाही त्यांनी तर आपोआप जिरू द्यावी. झाकणातली छोटी पिन 'टक्' करून खाली पडली की प्रेशर गेलं. ती वर असताना झाकण उघडतच नाही, उघडायला जाऊही नका.

वजन: खरी मेख इथे आहे. सहा लिटरच्या आसपासचं यंत्र रिकामंच पाच किलोच्या घरात भरतं. ते कपाटात ठेवून रोज काढायचं म्हणाल तर गॅसबत्तींच्या आईसारखंच होणार, इस्त्रीचे कपडे. एकदा मांडलं की हलवायचं नाही. आणि आतलं भांडं भरलेलं असताना उचलायचंच नाही. पाणी मगाने आत ओता, शिजलेलं पळीने बाहेर काढा, भांडं रिकामं झालं की मग धुवायला न्या.

सावकाश_जा
वाफाळ, बाण जुळवायची गोष्ट कुठल्याच व्हिडिओत नव्हती! आभार. आम्ही घरात दोघं. छोटा, तीन लिटरच्या आसपासचा, घेतला तर? वजन कमी पडेल ना?

वाफाळ
पडेल. दोघांना रोजचं ताजं करायचं तर छोटा पुरतो. पण प्रेशरवर भांडं दोन तृतीयांशांच्या वर भरायचं नसतं, आणि डाळ, तांदूळ, कडधान्य असे फुगणारे-फेसाळणारे जिन्नस निम्म्याच्या वर नाहीत. तीन लिटरचे मग दीडच उरतात. बऱ्या दिवशी जास्तीचं करून ठेवायचं असेल तर मोठा. मी मोठा घेतला.

पळीवाढी
उठले. आता सविस्तर.

गॅसबत्ती म्हणतात ते निम्मं खरं आहे, चिरणं उरतंच. पण यंत्र आल्यावर मी काय चिरायचं तेच बदललं. प्रेशरवर मोठे तुकडे आरामात शिजतात, मग बटाटे अख्खे, गाजराचे दोन तुकडे, भोपळा सालासकट. साल शिजल्यावर चमच्याने निघते, कच्च्या भोपळ्याशी सुरी घेऊन कुस्ती कशाला? अंडीही तशीच: जाळीवर ठेवून ५ मिनिटं प्रेशर, ५ मिनिटं तशीच, ५ मिनिटं गार पाण्यात. टरफल असं सुटतं की दुखऱ्या बोटांनीही सोलता येतात. आणि फ्रीझरमधली तयार चिरलेली भाजी बिनदिक्कत आणा, त्यात कमीपणा काही नाही.

भांडी म्हणाल तर एक आतलं भांडं आणि एक झाकण. पूर्वी कढई, पातेलं, चाळणी, कुकर, त्यातले डबे...

तिखटमीठ
सगळं खरं, पण चवीचं काय? कांदा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतल्याशिवाय रश्शाला रंग येत नाही आणि अंगही. सगळं एकदम कोंबून बटण दाबलं की रुग्णालयातलं जेवण.

मंदगती
तिखटमीठ, परतायचं बटण असतं हो त्यात. खुर्चीत बसून परतता येतं, कारण यंत्र ओट्यावरच हवं असं कुठे लिहिलंय? आमचं जेवणाच्या टेबलावर असतं. फक्त परतून झाल्यावर थोडं पाणी घालून तळाला चिकटलेलं खरवडून घ्यायचं, नाहीतर खाली करपून यंत्र 'बर्न' म्हणत बसतं.

माझा आजार एमई/सीएफएस, म्हणजे दीर्घकालीन थकव्याचा. यात झेपण्यापलीकडे काही केलं तर त्याची वसुली त्याच दिवशी होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस आडवा होतो. पूर्वी आम्हाला व्यायाम वाढवत न्या म्हणायचे. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात ती शिफारस काढून टाकली आणि शक्तीच्या मर्यादेत राहण्यावर भर दिला. स्वयंपाकात मी तेच करते. दुपारी बसून चिरायचं, आतल्या भांड्यात भरून ते भांडंच फ्रिजमध्ये. संध्याकाळी यंत्रात बसवून पाणी ओतायचं आणि बटण. भांडं गार असल्याने प्रेशर धरायला जरा जास्त वेळ लागतो, लागू दे.

डोक्यात धुकं असतं त्या दिवसांसाठी झाकणावर कागद चिकटवलाय: रिंग, पाणी, व्हॉल्व्ह, वेळ. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर वाफ निघून जात राहते, प्रेशर धरत नाही आणि पाणी आटतं.

गॅसबत्ती
टेबलावर ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. आईचा ओटा तिला उंच पडतो, त्यामुळे झाकणात वाकून बघता येत नाही अशी तिची कुरकुर होती. विचारतो तिला.

मूगगिळे
आणि इस्त्रीचे कपडे कुठे ठेवणार?

चिमूटभर
मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. धागा छान चाललाय, पण दोन-तीन धोक्याच्या गोष्टी अजून कुणी लिहिल्या नाहीत. इथे काही जणांच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या असतील, त्यांनी जास्त लक्ष द्यावं.

पहिली, राजमा. 'स्लो कुक'वर कच्चा राजमा कधीही टाकू नका. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. मंद शिजवताना तापमान ८० अंशांच्या आसपासच रेंगाळलं तर त्याचा त्रास कच्च्यापेक्षाही वाढतो. भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि प्रेशरवर पूर्ण मऊ शिजवा. मंद आचेवरच करायचा हट्ट असेल तर आधी अर्धा तास खळखळून उकळून घ्या.

दुसरी, भात. शिजवल्यावरही काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. भात कोमट पडून राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा तापवून जात नाही. 'वॉर्म' चालू असेल तर अन्न ६० अंशांच्या वर राहतं, तिथवर ठीक. पण यंत्र बंद करून भात रात्रभर आत ठेवायचा नाही. जाड भांड्यात तो तासन्‌तास गार होत नाही. काढून पसरट डब्यात पातळ थर करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये. थकलेल्या माणसाकडून नेमकं हेच राहतं, म्हणून डबा आधीच शेजारी काढून ठेवा.

तिसरी, वेळ लावून उशिरा सुरू करायची सोय. ती कोरडे दाणे पाण्यात भिजत ठेवण्यापुरती वापरा. मांस, दूध, अंडी घालून सकाळी भरलं आणि संध्याकाळी चालू झालं, असं नको.

अर्धपोटी
चिमूटभर, मूत्रपिंडवाल्यांनाही एक सांगाल का? मला पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय. मल्टीकुकरमध्ये सगळं पाणी भाजीतच राहतं.

चिमूटभर
बरोबर ओळखलंत. पोटॅशियम पाण्यात उतरतं, पण ते पाणी फेकलं तरच उपयोग. कपभर पाण्यात प्रेशरवर शिजवून रस्सा प्यायलात तर जवळपास सगळं पोटातच गेलं. बटाट्यासारख्या भाज्या लहान चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि पाणी ओतून द्यायचं. याच यंत्रात झाकण न लावता उकळू शकता, पण मग ओतायला जड भांडं उचलावं लागतं. झाऱ्याने तुकडे काढून घ्या. तुम्हाला किती चालेल ते तुमच्या तपासण्या बघूनच ठरवायला हवं, धाग्यावर नाही.

मधुमेहवाल्यांनीही भात-बटाटा लगदा होईपर्यंत शिजवू नये, तो साखर लवकर चढवतो. उलट ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना हाच लगदा वरदान. एकाच घरात दोघं असले की यंत्रापेक्षा आचाऱ्याची परीक्षा.

झाकणझुले
अवांतर: वडिलांना पेसमेकर बसवलाय. इंडक्शन शेगडीपासून ६० सेंटीमीटर लांब राहा म्हणून सांगितलंय. हा मल्टीकुकर चालेल का?

वाफाळ
बहुतेक मल्टीकुकरमध्ये तळाला साधी तापणारी तबकडी असते, इंडक्शन नसतं. काही महाग मॉडेलांवर 'आयएच' लिहिलेलं असतं, ती मात्र इंडक्शनची. खोक्यावर बघून घ्या आणि पेसमेकरवाल्या डॉक्टरांना एकदा विचाराच.

निवांतराव
घरी ऑक्सिजन लावलेल्यांसाठीही हेच: उघडी ज्योत नाही हा मोठा फायदा. तरी तापणारी वस्तू आहे, नळी आणि यंत्र यांत अंतर ठेवायचं.

आणि जागेवरून आठवलं, मल्टीकुकर गॅसच्या शेगडीवर ठेवू नका, गॅस बंद असला तरी. कुणीतरी घाईत भलतंच बटण फिरवतं आणि यंत्राची बूड वितळते. वर कपाट असेल तिथेही नको, वाफेने फळी फुगते. वायर थेट भिंतीतल्या प्लगात, लांबवणारी वायर नको. यंत्र हजार वॅटच्या आसपास ओढतं, आणि पायात वायर आली की भरलेलं भांडं अंगावर.

तिखटमीठ
बटण दाबायच्या स्वयंपाकाला 'आयतं' म्हणणारे तुमच्याकडे नाहीत का? की आमच्याच घरात आहेत? मला स्वतःला ल्युपस आहे, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. वर चवीवरून बोलले, पण खरं सांगायचं तर ते घरातल्यांचंच वाक्य माझ्या तोंडून आलं.

पळीवाढी
आमच्याकडे होते. त्यांना एक संध्याकाळ यंत्र दिलं आणि म्हटलं, हे आयतं आहे ना, मग आज तुम्हीच करा. केलं हो बिचाऱ्यांनी. मीठ विसरले. आता आठवड्यातले काही दिवस तेच करतात, कारण त्यांना ते गॅसपेक्षा सोपं वाटतं. चिकटून बसलेल्या कामाला दुसरा माणूस मिळाला हा माझा सगळ्यात मोठा फायदा, आणि तो कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो.

मूगगिळे
म्हणजे मल्टीकुकरमध्ये नवरेही शिजतात. किती मिनिटं?

पळीवाढी
कडक असतात, भिजवून ठेवावे लागतात.

मंदगती
😂 तिखटमीठ, घरच्यांचं सोडा. रश्शाला अंग हवं ना? बऱ्या दिवशी भरपूर कांदा एकदमच परता आणि लहान डब्यांतून फ्रीझरमध्ये टाका. वाईट दिवशी एक गोळा सरळ भांड्यात.

तिखटमीठ
हे करून बघते. या वादात हरायला हरकत नाही.

सावकाश_जा
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझं ठरतंय ते असं: उभं राहणं आणि राखण करणं सुटेल. चिरणं थोडं कमी होईल. उचलणं आणि धुणं तसंच राहील, त्याची सोय मला वेगळी लावावी लागेल. यजमानांना धुण्यासाठी विचारलं, 'बघू' म्हणाले. खाटेशेजारी ठेवायचं चाकाचं टेबल आहे, यंत्र त्यावर मांडावं का?

वाफाळ
चाकांना कुलूप असेल आणि टेबल डुगडुगत नसेल तरच. मला तरी स्थिर टेबल बरं वाटतं. आणि घ्यायला दुकानात सकाळी जा, बोटं आखडलेली असतानाच. नमुन्याचं झाकण स्वतः लावून-काढून बघा. संध्याकाळच्या सैल हाताला सगळीच झाकणं सोपी वाटतात.

उभ्याउभ्या
आणि आवाज ऐका. काहींची शिट्टी इतकी बारीक असते की दुसऱ्या खोलीत ऐकूच येत नाही, काहींची बंदच होत नाही. मायग्रेनवाल्यांनी आवाज बंद करता येतो का ते विचारा.

गॅसबत्ती
आईकडे जाऊन आलो. यंत्र टेबलावर मांडलंय, कपडे पलंगावर. पहिल्याच दिवशी तिने डाळ लावली. गॅसवरच्या सवयीने वेळ दिली तर जराशी टचटचीत राहिली. असं का?

वाफाळ
गॅसवरचा कुकर १५ पीएसआयपर्यंत दाब धरतो, आत १२० अंशांच्या आसपास जातं. विजेवरचे बहुतेक १० ते १२ वरच थांबतात, म्हणजे ११५-११७ अंश. थोडी मिनिटं वाढवा, आणि वाफ लगेच न सोडता जिरू द्या, त्यातही शिजतं.

गॅसबत्ती
सांगतो तिला. पण ती म्हणते डाळीला कालच्या रश्श्याचा वास येतोय. भांडं लखलखीत घासलंय.

पळीवाढी
भांड्याला नाही, झाकणाच्या रिंगेला येतोय. सिलिकॉन वास धरून ठेवतं. रिंग काढून धुवा आणि झाकण उलटं ठेवून वाळू द्या, लगेच बंद करू नका. दोन रिंगा ठेवल्या तर उत्तम, एक तिखटाची, एक गोडाची. रिंग कडक झाली, चिरली की बदलायची.

मूगगिळे
आमच्याकडे रिंग एकच. खिरीला लसूण चढला तर पाहुण्यांना 'खास पद्धत' म्हणून सांगतो. दुसऱ्यांदा मागत नाहीत, तेवढीच मेहनत वाचते.